स्टुडंट फिल्म तर झाली, आता "काय शिकलो" ते कसं लिहायचं

फिल्म सबमिट झाली की थोड्याच दिवसांत कॉलेजमधून दुसरा मेसेज येतो, प्रोजेक्टमधून काय काय शिकलात त्यावर रिफ्लेक्शन लिहून द्या, आणि इथे भलेभले अडकतात. रात्र रात्र जागून एडिट केलेली मुलं असतात ही, कॅमेरा घेऊन ऊन-पावसात फिरलेली, पण लिहायला बसली की चार ओळींत विषय संपतो. "या प्रोजेक्टमधून मला टीमवर्क, टाइम मॅनेजमेंट आणि कम्युनिकेशन स्किल्स शिकायला मिळाले." वाक्य खरं आहे, पण हेच वाक्य चवथीला गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधल्यावर पण लिहिता येतं आणि कॉलेजच्या कबड्डी टीमबद्दल पण. त्यात तुमची फिल्म दिसत नाही, तुम्ही पण दिसत नाही.

पणजी, म्हापसा, फोंडा इथल्या मुलांचे असे प्रोजेक्ट मी बरीच वर्षं वाचतोय आणि माझं मत पक्कं झालंय की रिफ्लेक्शन आठवणीतून लिहायचं नाही, हार्ड डिस्क उघडून लिहायचं. आठवणीत फक्त दमणूक आणि मजा उरते. शिकलात काय, ते फुटेजमध्ये, शॉट लिस्टमध्ये, ग्रुपवरच्या मेसेजेसमध्ये पडलेलं असतं. स्किल म्हणजे शेवटी काय, तर समोर दोन-तीन रस्ते असताना तुम्ही कुठला घेतला आणि का घेतला. ते "का" लिहिता आलं की झालं.

आधी सामान गोळा करा

लॅपटॉपवर एक फोल्डर करा आणि त्यात सगळं टाका. स्क्रिप्टचे सगळे ड्राफ्ट, फक्त शेवटचा नाही. शॉट लिस्ट, कॉल शीट (त्या दिवसाच्या शूटचं वेळापत्रक), कंटिन्युइटीसाठी (एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळावं म्हणून) मोबाईलवर काढलेले फोटो, एडिटिंग प्रोजेक्टच्या जुन्या व्हर्जन्स, रफ कट. रॉ फुटेज तर कार्ड रिकामं करायच्या घाईत उडवूच नका, एनजी म्हणजे बाद झालेले टेक पण ठेवा, उलट एनजी टेकच जास्त कामाचे असतात कारण टेक का बाद केला हे सांगता येणं हेच तर स्किल आहे.

आणि सगळ्यात मोठा खजिना म्हणजे फिल्मचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात चॅट एक्सपोर्ट करायची सोय असते, मीडिया न घेता एक्सपोर्ट केलं की तारीख-वेळेसकट साधी टेक्स्ट फाईल मिळते. त्यात "पाऊस", "बॅटरी", "उशीर", "परत घ्यायचा" असे शब्द सर्च करून बघा. कुणी कधी काय सुचवलं, कुठला निर्णय कुणाच्या बोलण्यावरून बदलला, सगळं डोळ्यांसमोर येतं. फक्त दुसऱ्याचा मेसेज जसाच्या तसा छापणार असाल तर त्याला आधी विचारा, एवढी माणुसकी ठेवायची.

अख्खी फिल्म नको, दोन-तीन जागा निवडा

कुठल्या निवडायच्या याची एक सोपी पद्धत सांगतो. एका बाजूला शॉट लिस्ट ठेवा, दुसऱ्या बाजूला फायनल फिल्म चालू करा आणि जिथे जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे टाइमकोड, म्हणजे फिल्ममधली मिनिट-सेकंदाची जागा, लिहून ठेवा. ठरवला होता क्लोजअप, आहे वाइड. ठरवलं होतं अंगणात, झालं माजघरात. डायलॉग होता, आता नुसती शांतता आहे. अशा प्रत्येक जागी तुम्ही काहीतरी ठरवलंय. ज्या जागेबद्दल बोलायला लागलं की थांबता येत नाही ती घ्या, बाकीच्या सोडून द्या.

उदाहरण घेऊन बोलूया. समजा तुमच्या फिल्ममध्ये भाऊ-बहीण रायबंदरहून चोडणला फेरीबोटीतून जातायत आणि वाटेत घर विकायचं की नाही यावर बोलतायत. कागदावर सीन फार छान दिसतो, मांडवी, वारा, दोघांचे चेहरे. प्रत्यक्षात बोटीवर उभं राहिल्यावर कळतं की इंजिनच्या आवाजात डायलॉग ऐकूच येत नाही, गाड्या आणि माणसं मध्ये मध्ये फ्रेममध्ये येतात, आणि नदी ओलांडायला लागतात जेमतेम काही मिनिटं, तेवढ्यात पूर्ण सीन होत नाही. मग परतीच्या फेरीत उरलेले शॉट घेऊया म्हणतात सगळे. पण सकाळी चोडणला जाताना ऊन उजवीकडून येतं आणि रायबंदरला परत येताना डावीकडून, मागचा किनारा पण बदलतो, हे दोन शॉट एकमेकांना जोडले की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, नक्की काय ते त्याला सांगता येत नाही पण खटकतं.

आता हेच कसं लिहायचं बघा. नेहमीचं लिखाण असं असतं: "फेरीबोटीवर शूट करताना खूप अडचणी आल्या पण आम्ही सगळ्यांनी मिळून त्यावर मात केली." कुठली अडचण, कशी मात, काहीच नाही. त्याऐवजी असं:

"सीन ४ मध्ये बोटीवरचे सात शॉट ठरले होते, फिल्ममध्ये तीन आहेत, ०२:१० ते ०२:४८. पहिल्या टेकनंतर मी हेडफोनवर ऐकलं तेव्हा बहिणीची वाक्यं इंजिनखाली दबली होती. डबिंग करायचं की संवाद दुसरीकडे न्यायचा असे दोन पर्याय होते. दोघेही कलाकार पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर होते, डबिंगला तोच सूर लागला नसता, म्हणून भांडण धक्क्यावर बोटीची वाट बघताना घ्यायचं आणि बोटीवर दोघांना गप्प ठेवायचं असं मी डिरेक्टरला सुचवलं. बोटीवरचे शॉट फक्त चोडणला जातानाच घेतले, कारण परतीला ऊन दुसऱ्या गालावर येत होतं. परतीची फेरी आम्ही इंजिनचा वाइल्ड साउंड (कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज) रेकॉर्ड करायला वापरली, तोच तिन्ही शॉटखाली सलग चालतो. पुढच्या वेळी रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला, जाताना मी मोबाईलवर दोन वाक्यं रेकॉर्ड करून बघेन, मगच स्क्रिप्टमध्ये संवाद ठेवेन."

एवढ्या एका पॅराग्राफमध्ये साउंड, कंटिन्युइटी, कलाकारांची समज, टीममध्ये आपलं म्हणणं मांडणं, सगळं आलं. टीमवर्क हा शब्द एकदाही वापरला नाही तरी टीमवर्क दिसतंय. वाचणाऱ्या मास्तरांना पण बरं वाटतं हो असं काही वाचायला मिळालं की.

साउंडवर जरा जास्तच लिहा

हा माझा हट्ट आहे म्हणा. कॅमेऱ्याबद्दल सगळेच लिहितात, साउंडबद्दल एक ओळ, ती पण "माईक चांगला नव्हता" अशी. आणि गोव्यातल्या घरात शूट केलंय म्हणजे साउंडवर लिहायला तुमच्याकडे भरपूर असणार. सकाळ-संध्याकाळ पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, उन्हाळ्यात कोकीळ, शेजारच्या देवळातला स्पीकर, कावळे, नारळाच्या झावळ्या, पावसात कौलांवरचा आवाज, आणि स्वयंपाकघरात मध्येच घरघर सुरू करणारा फ्रिज.

समजा आईच्या टेकमध्ये पोदेराचा भोंगा आलाय आणि मुलाच्या टेकमध्ये नाही. कट मारला की भोंगा मध्येच तुटतो आणि सीन फुटतो. तुम्ही काय केलं? पोदेर पुढे जाईपर्यंत थांबलात, की त्याला थांबवून भोंगा वेगळा रेकॉर्ड करून घेतलात आणि एडिटमध्ये दोन्ही शॉटवर पसरवलात? दुसरं केलं असेल तर ते सविस्तर लिहा, कारण लोकेशनवर उभं राहून पुढच्या एडिटचा विचार करणं हे फार वरच्या पातळीचं काम आहे आणि मुलांना त्याची किंमत कळत नाही, "तेवढं तर केलंच" म्हणून सोडून देतात.

रूम टोन घेतला होतात का? प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प करून निदान ३० सेकंद नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करायची, डायलॉगमधल्या फटी भरायला तीच लागते. घेतला असेल तर एडिटमध्ये नेमका कुठे वापरला तो टाइमकोड द्या. फ्रिज बंद करून शूट केलं असेल तर ते पण लिहा. साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे, फ्रिज बंद करताना गाडीची चावी आत ठेवायची म्हणजे निघताना चावी घ्यायला गेलं की फ्रिज परत चालू करायची आठवण होतेच. ज्यांनी घर दिलं त्यांचे मासे खराब होऊ न देणं हा पण प्रॉडक्शनचाच भाग आहे.

लेव्हल्सचं थोडक्यात. डायलॉगचे पीक (सगळ्यात मोठे आवाज) साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवले असतील तर का ठेवले ते एका वाक्यात सांगा, वर जागा ठेवली नाही तर कुणी ओरडलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. मोबाईलवर शूट केलं आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर लांब टेकमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू सुटत गेलेले तुम्ही पाहिले असतील. मोबाईल बऱ्याचदा फ्रेम रेट कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो म्हणून हे होतं, हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाईल आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटला कन्व्हर्ट करून मग एडिटला घेतली की हा प्रश्न मिटतो. हे तुम्ही स्वतः शोधून काढलं असेल तर ते कसं शोधलं ते पण लिहा, आधी कशावर संशय घेतला, मग काय तपासलं.

कॅमेरा आणि लाइट

इथे लोक सेटिंग्जची यादी देतात आणि थांबतात. यादी नको, कारण हवं. "शटर १/५० ठेवला" एवढंच लिहिलं तर ते मॅन्युअलमधून उचललं असेल असं वाटतं. "आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, १/६० ला भिंतीवर पट्टे सरकताना दिसले, १/५० केला तेव्हा गेले" असं लिहिलं की तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय हे कळतं. तसंच पावसाळ्यात एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर दव धरतं, बॅगेतच बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ कॉल शीटमध्ये धरायला तुम्ही शिकलात, हे लिहा. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर यांचं पण असंच, काय दिसलं आणि म्हणून काय बदललं.

माणसांशी केलेलं काम

"कम्युनिकेशन स्किल" हा शब्द खोडा आणि त्याजागी माणूस लिहा. कुणाला विचारलं, काय सांगितलं, त्यांनी काय अट घातली, तुम्ही काय बदललं. देवळाच्या आवारात शूट करायचं तर देवस्थान समितीला भेटावं लागतं, पूजेची वेळ सांभाळावी लागते. जुन्या गोव्यातली मोठी चर्चेस पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथे ट्रायपॉड लावायच्या आधी परवानगी लागते. पत्र लिहिलं असेल तर पत्राची कॉपी जोडा, पहिल्या पत्रात काय राहिलं होतं आणि दुसऱ्यात काय घातलं हे दाखवा. परवानगी मिळाली नाही आणि लोकेशन बदलावं लागलं असेल तरी लिहा, त्यातही तुम्ही काहीतरी निवडलंयच.

कलाकारांचं काम तर इथे फार वेगळं होतं, कारण गोव्यात तुमच्या फिल्ममधले काका-काकू बहुतेक वेळा देवळाच्या उत्सवातल्या नाटकांत काम केलेले असतात. अनुभव दांडगा, पाठांतर चोख, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. कॅमेरा तीन फुटांवर असताना तो आवाज आणि ते हातवारे मोठे होतात. "काका, जरा कमी करा" म्हटलं की ते बिचारे अवघडतात आणि सीनमधला जीव जातो. यावर चालणारा उपाय म्हणजे हाताला काम द्यायचं. आजीचं काम करणाऱ्या काकूंना आदोळीवर नारळ खवायला बसवा आणि खवता खवता वाक्य बोलायला सांगा, नजर आपोआप खाली जाते, आवाज घरातला होतो, वाक्यामध्ये श्वास येतो. टेक १ आणि टेक ५ शेजारी शेजारी लावून बघितलंत की फरक ऐकू येतो, तोच फरक शब्दांत लिहा. आणि त्याबरोबर आलेली दुसरी भानगड पण लिहा, की प्रत्येक टेकला नारळ वेगळा दिसतो, एकात अर्धा खवलेला आणि पुढच्या शॉटमध्ये परत भरलेला, म्हणून जास्तीचे नारळ फोडून ठेवावे लागले आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला ताटातल्या खोबऱ्याचा फोटो काढावा लागला. डिरेक्शन आणि कंटिन्युइटी एकाच नारळात कशी अडकलेली असते हे लिहिलेलं रिफ्लेक्शन मी आनंदाने दोनदा वाचेन.

ज्या मुलीने किंवा मुलाने प्रॉडक्शन सांभाळलं त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो. तुमच्या वाट्याला फेरीच्या वेळा, पेट्रोल, जेवण, चार्जिंग, कुणाला कुठून पिकअप हे सगळं आलेलं असतं आणि लिहिताना तुम्हीच त्याला "बाकीची कामं" म्हणता. असं करू नका. कॉल शीट जोडा आणि दाखवा की संध्याकाळच्या उजेडाचा सीन नेमका मिळावा म्हणून दुपारचं जेवण किती वाजता आणि कुठे ठेवलं. तो निर्णय कॅमेऱ्याच्या निर्णयाइतकाच फिल्ममध्ये दिसतो.

"मी" आणि "आम्ही"

ग्रुप प्रोजेक्टमध्ये हा घोळ नेहमी होतो. काहीजण सगळीकडे "आम्ही" लिहितात, मग वाचणाऱ्याला कळत नाही की तुम्ही नक्की काय केलं. काहीजण सगळीकडे "मी", मग ग्रुपमधल्या चौघांच्या रिफ्लेक्शनमध्ये एकच शॉट चौघांनी सुचवलेला निघतो. सुचवलं कुणी, केलं कुणी, शेवटी ठरवलं कुणी हे तीन वेगळे प्रश्न आहेत, तिन्हीची उत्तरं खरी द्या. दुसऱ्याची आयडिया असेल तर तसं लिहून पुढे "ती मला आधी पटली नव्हती, रफ कट बघितल्यावर पटली, कारण..." असं लिहिता येतं, आणि ते स्वतःच्या आयडियेइतकंच वजनदार असतं. काही बिघडलं असेल तर मित्राचं नाव घेऊन त्याच्यावर ढकलू नका, काय झालं, कशामुळे झालं, त्या दिवशी काय केलं, एवढं पुरे.

गिब्सचं चक्र दिलं असेल तर

बऱ्याच कॉलेजांत ग्रॅहॅम गिब्सने १९८८ मध्ये मांडलेलं चक्र देतात, सहा पायऱ्यांचं: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, असं का झालं, निष्कर्ष, पुढे काय करणार. चांगलं आहे ते, फक्त सगळी मुलं पहिल्या पायरीवरच अर्धे शब्द खर्च करतात, सकाळी कुठे भेटलो, मग कुठे गेलो, कुठे चहा घेतला. घटना दोन-तीन वाक्यांत आटपा आणि "असं का झालं" या पायरीवर मुक्काम करा. "काय वाटलं" मध्ये पण नुसतं "टेन्शन आलं" नको, टेन्शनमुळे तुम्ही काय केलं ते हवं, घाईत टेक ओके केला का, की उलट सगळं थांबवून पाच मिनिटं घेतली. सहा हेडिंग टाकायची सक्ती नसेल तर टाकू नका, सलग लिहा, आणि झाल्यावर तपासा की सहाही गोष्टी कुठे ना कुठे आल्यात का.

सराव हवा असेल तर इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्या दारात आहे, २००४ पासून तो गोव्यात होतो. एखादी फिल्म बघून बाहेर आलात की गोष्ट सांगत बसू नका, डिरेक्टरने घेतलेला एकच निर्णय वहीत लिहा आणि तो नसता घेतला तर काय झालं असतं ते लिहा. असं काही फिल्म्सचं केलंत की स्वतःच्या फिल्मकडे बघायची नजर बसते.

लिहून झालं की मोठ्याने वाचा, ग्रुपमधल्या एकाला वाचायला द्या आणि त्याला एकच विचारा, की यातलं कुठलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही फिल्मबद्दल लिहिता येईल? ती वाक्यं काढून टाका. शब्द कमी पडले तर परत शॉट लिस्टकडे जा, अजून एखादी न जुळणारी जागा मिळेलच.

व्हायवाला जाताना फिल्मची फाईल, रफ कट आणि ज्या टेकबद्दल लिहिलंय ते टेक पेन ड्राइव्हवर टाइमकोडच्या नावाने सेव्ह करून न्या, आणि तेच सगळं ऑनलाइन पण टाकून ठेवा, पेन ड्राइव्ह ऐनवेळी उघडत नाही कधी कधी. हा कट इथेच का, असं विचारलं की आधी बाद केलेला टेक दाखवा, मग ठेवलेला, आणि मग बोला.